गॅसची गोळी

डॉक्टर हेमलता चौबळांनी डोळ्यांवरचा व्हीआर चष्मा उतरवून टेबलावर आदळला. "नकळत होणारा भेदभाव म्हणे!" त्या प्रशिक्षकावर कडाडल्या. "तीस वर्षं ओपीडी करतेय. मला सगळे पेशंट सारखेच."

चष्म्यातल्या आभासी दवाखान्यात छातीत भरून आल्याची एकच तक्रार घेऊन दोघं आले होते. इस्त्रीच्या शर्टातल्या गृहस्थांचा त्यांनी लगेच ईसीजी काढायला सांगितला. धुणीभांडी करणाऱ्या बाईला मात्र गॅसची गोळी देऊन घरी धाडलं. ती दारातच कोसळली ती उठलीच नाही. चिडून त्यांनी दुसरी फेरी घेतली. बाई वेगळी, गोळी तीच, शेवटही तोच.

"मॅडम, चहा." वॉर्डातल्या यमुनामावशी ट्रे सावरत, पदरानं घाम टिपत उभ्या होत्या. सकाळी त्यांनीही छातीत भरून येतंय म्हटल्यावर डॉक्टरांनी चालता चालता पर्समधली गोळीच हातावर टेकवली होती.

डॉक्टरांनी ट्रे काढून घेतला आणि दाराजवळची व्हीलचेअर ओढली. "बसा. ईसीजी काढायचाय."

"अगं बाई! अजून सगळ्यांना चहा द्यायचाय."

"चहा राहू दे," खुर्ची ढकलत डॉक्टर म्हणाल्या. "आज दोघी माझ्या हातून गेल्यात. तिसरी जाऊ देणार नाही."