कालचं पान

आयक फक्त. मंधात टोकू नको, इचारू नको, आयक.

रागिणी नदीच्या रेतीत उभी. मोबाईल कानाले चिपकवून. तिचा बाप चंद्रभान अन् माय इंदूबाई, दोघंई डांगरवाडीत, रेतीतल्या वेलाइवरून, टरबुजं तोडून राहिले. अकोल्याचा सरफराज बागवान पिकअप घेऊन थेट रेतीत उतरलेला. गाडी अर्धी भरली. नदीत पाण्याचा टिपूस नाही. ऊन असं, का रेती चपलेतून चटके देते.

वरच्या धरणातून उन्हाळ्यात मंधातच पाणी सोडतात, खालच्या गावाइले प्याले. सोडाच्या आंधी धरणवाले मोबाईलवर त्याइच्या पानावर टाकतात. म्हणून घरून निंगताना रागिणी रोज ते पान पाह्यते. 'विसर्ग बंद' दिसलं, का थडीवरून साऱ्याइले वरडून सांगते, "बंद हाय, उतरा!" तवाच वाडीवाले नदीत उतरतात. तिच्या शब्दावर, बरं का. अन् डाटा पुरला पाह्यजे म्हणून ते पान ती कधी बंदच करत नाही. उघडंच ठेवते. आजई तसंच. बंद हाय, उतरा.

अन् आता अमरावतीहून तिचा भाऊ गजेंद्र फोनवर बोंबलून राहिला.

"रागे, कुठी हाय तू? नदीत?"

"मंग कुठी असीन? माल भरून राहिलो."

"निंगा तथून! सकाळीच पाणी सोडलं. ते पान माह्यासमोर हाय, चालू दाखवते!"

"काही बी नको बोलू दादा. माह्या फोनवर बंद हाय."

"ते कालचं हाय, बावळट! तुह्या फोननं काल आणून ठेवलं, आज तेच काढून दिलं. नवीन आणाले गेलाच नाही तो. घरात शिळी भाकर असली तं माय नवी टाकते का? वढ ते पान, खाली व..."

कट. रेतीत रेंज कुठी राह्यते?

रागिणी तशीच बापाकडे पळाली. "बाबा, निंगा! पाणी सुटलं!"

चंद्रभाननं पाठ सुद्धा सरळ केली नाही. "सकाळी कोण वरडलं मंग, बंद हाय म्हणून?"

"ते कालचं होतं. फोननं जुनंच दाखवलं."

"एकच पान अमरावतीत चालू सांगते अन् अथी बंद? धरण काय दोन तोंडाचं हाय? दाखव बरं. तारीख दाखव."

तारीख पानाच्या वरच्या टोकाले. आजवर कोणी पाह्यलीच नव्हती. वर जावाले तिनं बोट खाली वढलं, अन् ते गोल चक्कर फिराले लागलं. फिरलं, फिरलं, अन् पान पांढरंफक. इंटरनेट नाही म्हणे.

"होतं तेई घालवलं!" बाप म्हणे.

सरफराज हसाले लागला. "बिटिया, फोन ठेव, टोपलं उचल. मार्केट निकल जायेगा मेरा. मागच्या साली बी कोणीतरी बोंबललं, पानी आया, पानी आया. साऱ्याइनं पळता पळता वेल तुडवले. अन् आया क्या? कुत्रा आया!"

इंदूबाई बी हसली. मायच हसली, आता बोल.

काय करन ती? वरडली तं कोणी आयकत नाही. दाखवाले काही उरलं नाही. तिनं पाह्यलं, पिकअपले चावी लटकून राहिली. उपसली, अन् सुटली थडीकडं.

"अरे! पकडो उसको! चंद्रभानभाऊ, तुमची पोट्टी पागल झाली का?"

सरफराज मांगं, त्याच्या मांगं बाप, त्याच्या मांगं माय पदर खोचत, शिव्या देत. तमाशा पाहाले बाजूच्या वाड्याइतले लोक बी वर चढले. नदीत माणूस म्हणून उरला नाही. रागिणी थडीवर, निंबाखाली, धापा टाकत, मूठ आवळून.

साऱ्याइनं वरच्या अंगाले पाह्यलं. कोरडी रेती. पाह्यत राह्यले. कोरडीच.

कोणीतरी शिटी मारली. चंद्रभानचं तोंड लाल. साऱ्या वाडीवाल्याइसमोर ना बे!

"दे चावी."

"थोडं थांबा बाबा. अथी रेंज हाय. पान येईन आता." चक्कर फिरूनच राहिलं. दादाचा फोन लावला, तोई लागेना.

मंग सरफराज जवळ आला. आता तो हसून नाही राहिला. हळू बोलला.

"बेटा, तू खोटी नाही, मानलं. पानी येऊन राहिलं म्हणते ना? मंग तं गाडी काढूच दे मले. त्याच गाडीवर घर हाय माहं. जातो अन् आणतो. इतना टाइम तो होगा?"

"मी बी जातो संग," चंद्रभान म्हणे. "रेतीत फसली तं मांगून धकवाले."

घ्या! पाणी येतच नसन, तं चावी धरून ठेवाचं कामच नाही. येत असन अन् चावी नाही दिली, तं गाडी जाते त्या माणसाची. अन् दिली, तं दोघंई खाली उतरतात, तिचा बाप गाडीच्या मांगं.

तेवढ्यात वरच्या अंगाले टिटव्या वरडाले लागल्या. टिटव्या तं उगीच बी वरडतात, तुले मालूम हाय.

बापानं हात पुढं केलेला. घामानं चावी तिच्या तळव्याले चिकटलेली.

तू तिच्या जागी असता तं, खरं सांग, मूठ उघडली असती?