दुसरं टोक

म्हाताऱ्या दुकानदारानं हातातली काठी ओढली, तशी दुसरी काठी बांधलेली समोरची रिकामी खुर्ची करकरत पुढे सरकली आणि दोन काठ्यांमध्ये ताणलेल्या ओल्या नूडल्सचे चार धागे पटकन तुटले.

वाडग्यातलं खाणं तसंच टाकून अनसूयाबाई उठल्या. मुलाकडे चीनला येऊन त्यांना दोन महिने झाले होते. तो कामावर गेला की दिवसभर त्यांच्याशी बोलायला चिटपाखरू नसे. आजही त्यांना इथे बसवून तो ऑफिसचा फोन घ्यायला बाहेर गेला होता. पण हे काम त्यांच्या ओळखीचं होतं. शेवया काय त्यांनी थोड्या केल्या होत्या!

खुर्चीच्या पाठीला बांधलेली काठी सोडवून त्यांनी ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. म्हातारा काहीतरी पुटपुटला.

"ओढा हो, पण बेतानं," त्या सरळ मराठीतच म्हणाल्या.

त्यानं बेतानंच ओढलं. धागे दोऱ्याइतके बारीक झाले, पण एकही तुटला नाही.

मुलगा परत आला आणि दारातच थबकला. "आई, हे काय चाललंय?"

"यांची बायको गेलीय रे."

"तुला चिनी कधीपासून कळायला लागलं?"

"चिनी कशाला कळायला हवं? दुसरी काठी खुर्चीला बांधली होती त्यांनी." धाग्यांवरची नजर न हलवता त्या म्हणाल्या, "तुझे बाबा गेल्यापासून मीही चादर पिळताना दुसरं टोक खिडकीच्या गजालाच बांधते."