देवापाशी ठेवलेला कागद

अक्षर न् अक्षर खरं आहे. तुळशीवर हात ठेवून सांगितलं असतं, पण शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये जानेवारीत तुळस कुठली जगायला, म्हणून फ्रीजवर हात ठेवून सांगते. ब्याऐंशी साल. थंडी अशी, की दारात बोललेलं वाक्य फाटकापर्यंत पोचायच्या आत गोठायचं.

गुरुवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी पद्मिनीच्या काउंटरवरचा फोन वाजला. पद्मिनी गावातल्या औषधांच्या दुकानात फार्मसिस्ट. फोनवर डॉक्टर चंद्रशेखर. ते शिकागोला हॉस्पिटलात अडकले होते, हायवे बंद. उल्हासचं औषध संपलंय, म्हणाले, घरी नुसता तळमळतोय. उल्हास दोघांचा जुना मित्र. कॅन्सर हाडांत उतरला होता, आणि आता घरातून हलणार नाही म्हणून बसला होता.

मॉर्फिनला डॉक्टरच्या सहीचा कागद लागतो, फोनवर चालत नाही. अगदीच अडलं तर डॉक्टरनं तोंडी सांगायचं, फार्मसिस्टनं आवाज ओळखायचा, शब्द न् शब्द उतरवून घ्यायचा, वेळ टाकायची आणि निभेल तेवढंच द्यायचं. मग बहात्तर तासांत सहीचा कागद दुकानात यायला हवा. नाही आला, तर फार्मसिस्टनं स्वतः त्या डॉक्टरचं नाव सरकारात कळवायचं. नाही कळवलं तर तिचं लायसन्स जातं.

आवाज ओळखायचा प्रश्नच नव्हता. पद्मिनी या देशात उतरली तेव्हा एअरपोर्टवर घ्यायला हाच माणूस आला होता. तिनं सगळं उतरवून घेतलं, चार-दहा अशी वेळ टाकली.

"शेखरदादा, कागद तेवढा विसरू नका."

"मी कधी काय विसरलोय गं?"

मंडळाच्या गणपतीला मूर्तीच घरी ठेवून आलेला माणूस. पद्मिनीनं बाटली भरायला घेतली. उल्हासच्या शेजारच्या नोव्हाकबाई येऊन बाटली घेऊन गेल्या. त्याच संध्याकाळी दुकानातले लाइट गेले, आणि आले तेव्हा भिंतीवरचं घड्याळ वीस मिनिटं मागे पडलं होतं. शिडी लावून ते पुढे करायला कोणाला सवड झाली नाही.

या वेळी डॉक्टर विसरले नाहीत. शुक्रवारी रस्ता मोकळा झाल्याबरोबर ते उल्हासकडे गेले, तिथेच बसून कागद लिहिला आणि उत्तराच्या, म्हणजे उल्हासच्या बायकोच्या हातात दिला. दुकानात पोचवा, म्हणाले. तीन आठवड्यांत पहिल्यांदा उल्हास गाढ झोपला होता. उत्तरानं कागदाला कुंकू लावलं आणि तो देवापाशी ठेवला.

शनिवारी सकाळी उल्हास गेला.

शनिवारभर पद्मिनीला फोन करायचा धीर झाला नाही. रविवारी जेवणं झाल्यावर तिनं आधी डॉक्टरांना गाठलं. ते परत शिकागोला ड्यूटीवर होते, दुसरा कागद घेऊन चार-दहापर्यंत, बहात्तर तास भरायच्या आत, येणं शक्य नव्हतं. दुकान सोडून तिला स्वतःला हलता येत नव्हतं, कारण त्या दिवशी फार्मसिस्ट ती एकटीच. तीन वाजता तिनं उत्तराला फोन लावला. आधी दोन मिनिटं नुसतं हं-हं झालं. मग तिनं कागदाचं विचारलं.

"देवापाशी आहे," उत्तरा म्हणाली.

"कोणाच्या तरी हाती पाठवता का, वहिनी?"

"सुतक आहे, पद्मिनी. देवाला कोण हात लावणार?"

दीर, जाऊ, दोन्ही मुलगे, घरात होती ती सगळी सुतकातली. पद्मिनी घड्याळाकडे बघत राहिली. डॉक्टरचं नाव कळवायचा फॉर्म तिनं सकाळीच काढून ठेवला होता.

"वहिनी, घरात परकं कोणी आहे का?"

"नोव्हाक आहे. सूप घेऊन आलीये."

मग उत्तरानं नोव्हाकबाईंना बूट काढायला लावले, हात धुवायला लावले, आणि स्वतः लांब उभी राहून किचनमधल्या कपाटाचा वरचा खण दाखवला. नोव्हाकबाईंनी आत बघून देवांना एक्स्क्यूज मी म्हटलं आणि दोन बोटांनी कागद उचलला. ह्यात गेली दहा मिनिटं. गाडीची बॅटरी गोठली होती. रस्त्यात गाडी एकदा बर्फात रुतली.

नोव्हाकबाई दुकानात आल्या तेव्हा त्यांच्या पापण्यांवर बर्फ होतं. मनगटावरचं घड्याळ बघून त्या म्हणाल्या, चार-पंचवीस झाले, सॉरी हनी, उशीर झाला का?

पद्मिनीनं कागद उलगडला. सही होती, तारीख होती, आणीबाणीत दिल्याचं लिहिलेलं होतं. वरच्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट. तिनं मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि कागदावर पोचल्याची वेळ लिहिली: चार वाजून पाच मिनिटं.

"आमच्याकडे हे घड्याळ धरतात," ती म्हणाली.

नोव्हाकबाईंनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, पद्मिनीला पाहिलं, आणि हातमोजे चढवले. उत्तरानं अजून काही खाल्लं नाहीये, म्हणाल्या, सूप परत गरम करायला हवं.

पद्मिनीनं फॉर्म ड्रॉवरमध्ये टाकला. पुढे तपासणीला माणूस आला, त्यानं त्या लाल ठिपक्यावरून अंगठा फिरवला, खालची वेळ वाचली आणि पान उलटलं.

सांगितलं ना, अक्षर न् अक्षर खरं आहे. नोव्हाकबाईंचं एक्स्क्यूज मीसुद्धा खरं.

फक्त भिंतीवरचं ते घड्याळ कधी मागे पडलंच नव्हतं.