पक्क्या रंगाचे पाणी

जे टिकावे म्हणून माणूस आयुष्य वेचतो, ते कधी दुसऱ्याच्या घागरीतही टिकून राहते. मग कीर्ती कुठे संपते आणि अपराध कुठे सुरू होतो, हे सांगणे कठीण होते.

कारखान्यात रंगाऱ्याच्या मेजावर त्याच्या धाकट्या बहिणीने आपल्या विहिरीच्या पाण्याचा कॅन आदळला. पाणी निळे होते.

"ओळख बघू, दादा."

रंगाऱ्याला निमिष पुरले. आपला रंग तिच्या विहिरीत उतरतो, हे तीन वर्षे तो नाकारत आला होता. पण पोटच्या पोरासारखी ती छटा त्याच्याकडे पाहत होती. "माझाच," तो खालच्या स्वरात म्हणाला.

"पक्का हो तुझा रंग! घागर घासून माझी बोटं झिजली, तो काही झिजला नाही. आता हिच्या पट्ट्यांनी हे पाणी सुधारलं तर ठीक. नाहीतर या आठवड्यात आम्ही घर सोडतो."

'ही' म्हणजे तिची मुलगी, प्रयोगशाळेत काम करणारी. तिने काचेच्या भांड्यात पाणी ओतले. धातूच्या ऑक्साइडचा काळसर लेप दिलेली एक पट्टी आणि समोर एक पोलादी पट्टी बुडवून तिने वीज सुरू केली.

बारीक बुडबुडे उठू लागले. ना ज्वाळा, ना आवाज. निळाई विरळ झाली, मग पहाटेच्या आकाशाएवढी उरली, मग तीही उरली नाही. ज्या रंगापुढे ऊन, साबण आणि काळ यांनी हात टेकले होते, तो डोळ्यांदेखत निघून गेला. रंगाऱ्याचे हात नकळत जुळले.

सवयीने त्याने पांढऱ्या सुताची लड पाण्यात बुडवून पिळली. लड पांढरीच. "शुद्ध झालं!" म्हणत त्याने पेला भरून ओठांशी नेला.

भाचीने मनगट धरले. "थांबा, मामा! रंग मोडलाय, पण त्याचे तुकडे आहेत अजून पाण्यात. तेही विषारीच. ते संपायला संध्याकाळ होईल."

"दिसत तर काहीच नाही गं."

"तुमच्या डोळ्यांना रंगच तेवढा दिसतो."

रंगाऱ्याने पेला खाली ठेवला. उठून त्याने रंगाच्या हौदांची नाल्याकडची झडप स्वतःच्या हातांनी आवळली. "हिच्या पट्ट्या इथे बसेपर्यंत थेंब बाहेर जायचा नाही," तो कामगारांना म्हणाला.

इतका वेळ उभ्या असलेल्या बहिणीने स्टूल ओढले आणि ती भावाशेजारी टेकली. "संध्याकाळपर्यंत बसायचं, तर चहा सांग. पाणी मात्र बाहेरचं."

निर्मळ दिसणारे पाणी निर्मळ होण्याची वाट पाहत बसलेल्या त्या तिघांचे कल्याण असो.