मधाच्या रंगाची डायल

तेवढी एक डायल मिळाली, तर गहिनीनाथ घड्याळजीनं जुळवलेलं घड्याळ लाखाला जाणार होतं. नाही मिळाली, तर तेच घड्याळ 'मिक्स', म्हणजे खऱ्याखोट्या पार्टांची भेसळ, म्हणून काउंटरच्या काचेखाली पडून राहणार होतं. शिवाय गिऱ्हाईक होते हर्षलराव. कोपरगावकडे ऊस, सावेडीत बंगला, आणि मोबाईलमध्ये जुन्या घड्याळांचा नाद असलेल्या पैसेवाल्यांचा एक ग्रुप. त्यांना घड्याळ पसंत पडलं की मागं रांग लागणार. नाही पडलं, तर दुकानाचं नाव त्याच ग्रुपवर फिरणार.

मशीन अस्सल स्विस होतं, चार मोडक्या घड्याळांतून जमवलेलं. बाहेरची केस अस्सल, काटे अस्सल. अडलं होतं डायलवर. ड्युप्लिकेट डायली डबाभर होत्या. गहिनीनाथ त्यांना कोऱ्या चहाच्या पाण्याचा हात द्यायचा, की त्या पन्नास उन्हाळे खाल्ल्यासारख्या दिसायच्या. पण हर्षलरावांनी बजावलं होतं.

"काका, प्रत्येक पार्ट ओरिजिनल पाहिजे. मी उघडून बघणार. आजोबांचं घड्याळ तुम्हीच साफ करून दिलं होतं ना? तेव्हापासून तुमचा हात ओळखतो मी."

गहिनीनाथनं ते वाक्य स्तुतीच्या खात्यात जमा करून टाकलं.

आणि लंकाबाई दुकानात आली. साठीच्या पुढची, नऊवारीच्या काठाला उसाच्या पाचटाची कुसळं चिकटलेली. कनवटीची लाल फडक्याची पुरचुंडी तिनं काउंटरवर सोडली.

"बंद पडलंय. बघता का, बाबा?"

गहिनीनाथनं डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ दिव्याखाली ओढलं. तीच कंपनी, तोच साचा. डायल मधासारखी पिवळसर, आकडे हातानं रंगवलेले. असली पिवळाई चहाच्या पाण्यानं येत नाही.

"मालकांची आठवण दिसतीय," तो मऊ आवाजात म्हणाला.

लंकाबाईनं पदर सावरला.

"दोन दिवस ठेवा, मावशी. ए, मावशींना च्या सांग रे!"

शटर ओढून त्यानं डायल काढली. पाठीवर टोकदार सुईनं कोरलेल्या तीन आडव्या रेघा आणि एक टिंब होतं. गहिनीनाथ खुश झाला. घड्याळ उघडलं की कारागीर आत कुठंतरी आपली खूण कोरतो, म्हणजे पुढच्या खेपेला कळतं की हे आपल्या हातून गेलंय. जुन्या मालावर अशी खूण म्हणजे वयाचा दाखलाच. ती डायल त्यानं आपल्या घड्याळात बसवली, आणि डब्यातली सगळ्यात चांगली ड्युप्लिकेट लंकाबाईच्या घड्याळात. हे काम तो पहिल्यांदा करत नव्हता.

दोन दिवसांनी लंकाबाई परत आली. तिनं घड्याळ कानाला लावलं. मग डोळ्यांजवळ नेलं आणि तिथंच धरून ठेवलं.

"चालतंय ना, मावशी?"

"चालतंय. पर त्याचं त्वांड मला निराळं दिसतंय."

गहिनीनाथनं फडकं उचलून काउंटर पुसायला घेतला. "साफ केलंय ना! आंघोळ घातली की त्वांड उजळायचंच."

लंकाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "व्हय की. आमच्या म्हशीचं बी तसंच हाय."

त्यानं मजुरी घेतली नाही. उलट आणखी एकदा चहा पाजला. ती पुरचुंडी बांधून रिक्षात बसेपर्यंत मात्र तो स्टुलावर टेकला नाही.

रविवारी तो सावेडीच्या बंगल्यावर गेला. हर्षलरावांनी टेबलावर पांढरा रुमाल अंथरला, स्वतःचं भिंग काढलं आणि बराच वेळ नुसतंच बघितलं. गहिनीनाथ खुर्चीच्या टोकावर बसून होता.

"मशीन छान. केस छान." हर्षलरावांनी मान वर केली. "डायल कुठून मिळवलीत?"

"श्रीरामपूरचे एक जुने डॉक्टर होते. पोरं परदेशात. घर आवरताना निघालं."

"त्यांच्याच घड्याळाची?"

"तर! त्यांच्या मनगटावर उभी हयात गेली त्याची."

"पण रंग दिलेली नसेल कशावरून, काका? आजकाल चहाचं पाणी लावतात म्हणे."

गहिनीनाथ दुखावल्यासारखा हसला. आता मागं सरून चालणार नव्हतं. त्यानं स्वतःच घड्याळ उघडलं, डायल अलगद सोडवली आणि रुमालावर उलटी ठेवली.

"हे बघा, साहेब. तीन रेघा, एक टिंब. जुन्या कारागिराची खूण. पन्नास वर्षांपूर्वीची तरी असेल. अशी खूण ड्युप्लिकेटवर असती का?"

"म्हणजे ही खूण असलेली डायल अस्सल?"

"माझ्या पोरांची शपथ!"

"आणि तुमच्याकडं आली तेव्हापासून ही खूण होतीच?"

"होतीच. मी भिंगानं बघितली."

हर्षलरावांनी खूण बोटानं चाचपली. त्यांचा चेहरा निवळला, तसा गहिनीनाथचाही निवळला.

"अस्सल आहे, काका. मला काही शंका नाही." ते मागं रेलून बसले. "फक्त पन्नास वर्षांचं तेवढं दुरुस्त करा. ती खूण मी दिवाळीत कोरली, ह्याच टेबलावर. आजोबांच्या डायलीवर कोरायची राहून गेली होती." मग आतल्या दाराकडे वळून त्यांनी हाक दिली, "आत्या, पाहुण्यांना चहा आणा!"

ट्रेमध्ये कप एकच होता, आणि कपाशेजारी लाल फडक्याची पुरचुंडी.

"घ्या, बाबा," लंकाबाई म्हणाली. "तुमी दोनदा पाजला, त्यातला एक आज फिटला. दुसरा तुमच्या दुकानात पिऊ, ग्रुपातली समदी मानसं आपापली घड्याळं उघडून बघाया येतील तवा."