हातातला उजेड

पडद्यावर आपलेच दोन हात कोपरापासून खाली उजळलेले बघून धोंडुबाईंना मोठी गंमत वाटली. सकाळी त्यांना साखरेसारखं एक औषध टोचलं होतं. शरीर जिथे जास्त राबतं तिथे ती साखर जाऊन बसते आणि फोटोत तेवढी जागा चमकते. कॅन्सरही असाच हावरट, तोही साखर ओढतो, हे मशीनवरच्या काशिफकडून त्यांनी खोदून खोदून काढून घेतलं होतं. दोन वर्षांपूर्वी अंडाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेलं. आता रक्तातला आकडा चढला, म्हणून दुखणं परत आलंय का ते बघायला हा स्कॅन.

रिपोर्ट उद्या मिळेल असं सगळे सांगत होते. पण बाई उचगावची, हट्टाला पक्की. माझा फोटो मी बघितल्याबिगर हलणार नाही म्हणाल्या आणि थेट रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉ. तेजस्वींच्या खोलीत खुर्ची ओढून बसल्या. सून वर्षाराणी मागे उभी राहिली. तिला पडद्याकडे बघवत नव्हतं.

हात बघून डॉक्टरही कोड्यात पडल्या. व्यायाम केलात का, ओझं उचललंत का, त्यांनी विचारलं. धोंडुबाईंनी ठाम नाही म्हटलं. कालपासून आत्तींना केरसुणीलाही हात लावू दिला नाही, अशी ग्वाही सुनेनंही दिली. मग कशावरून तरी विषय निघाला आणि बाई सहज बोलून गेल्या, की पहाटे म्हशीची धार तेवढी काढली.

"आत्ती, कसलं काम करायचं न्हाई म्हणून सांगितलं हुतं की तुम्हाला," वर्षाराणी म्हणाली.

"धार काडनं काम व्हय गं? आनि दुसरं कोण खाली बसलं तर देती का ती?"

डॉक्टरांना हसू आवरेना. हात असे का उजळले ते आता कळलं होतं. उद्यापर्यंत हा उजेड आपोआप जाईल, असं त्यांनी सांगितलं. धोंडुबाईंना तेवढ्यानं कुठलं समाधान व्हायला. डोकं का चमकतंय, त्यांनी विचारलं. मेंदूला कायमच भूक असते. खाली ते दिव्यासारखं काय आहे? मूत्राशय, औषध तिथूनच बाहेर पडतं. आणि जिथे कापलं होतं, ती जागा? तिथे काही नव्हतं. मागे वर्षाराणीनं आता कुठे पडद्याकडे बघितलं.

"आनि ह्ये?"

धोंडुबाईंचं बोट उजव्या बरगडीखाली टेकलं होतं. तिथे यकृताच्या कडेला हरभऱ्याएवढा एक ठिपका होता. डॉक्टरांनी आधी सुनेकडे बघितलं.

"तिच्याकडं बगू नका. फोटू माजा हाय."

डॉक्टरांनी खुर्ची जवळ घेतली. तुकडा तपासून खात्री करू, म्हणाल्या, पण तेच असावं. परत आलंय. लहान आहे तोवर सापडलं हे चांगलं झालं. बहुतेक ऑपरेशन करून काढता येईल, मग पुन्हा सलाइनमधून औषधं.

धोंडुबाई भ्याल्या. मघाची गंमत कुठल्या कुठे गेली. तरी नजर काही तिथून हटेना. हातांतला उजेड केवढा आणि हा केवढासा.

"ह्यो आपसूक जायचा न्हाई?"

"नाही."

मान हलवून त्या उठल्या. जिना उतरताना वर्षाराणीचा बांध फुटला. धोंडुबाईंनी तिला रडू दिलं आणि पाण्याची बाटली पुढे केली. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या,

"आजपास्नं धारंला तू बसायचं."

"मला लाथ मारती ती, आत्ती."

"घरी गेल्यावर ह्ये अंगावरचं लुगडं सोडून देतो तुला. त्येच नेसून बस. धुऊ नगंस."