घंटी झाली नाही

सभागृहाच्या मधल्या वाटेवर ठेवलेल्या माईककडे आपली बायको निघाली आहे हे शिपायाने पाहिलं.

नको म्हणून सांगितलं होतं. सकाळी सांगितलं, दुपारी सांगितलं, संध्याकाळी सभागृहाच्या दारातही सांगितलं. माझी पेन्शन पाच महिन्यांवर आली आहे, तू नसतं लचांड ओढवून घेऊ नकोस. तिने तिन्ही वेळा मान डोलावली होती. मान डोलावली म्हणजे ऐकलं, असं तेहतीस वर्षांच्या संसारानंतरही त्याला वाटत होतं, हा त्याचा भोळेपणा.

तो व्यासपीठाच्या कडेला स्टुलावर बसला होता. पुढ्यात टेबलघड्याळ, हातात पितळी घंटी. पाळक तयार करणाऱ्या या लूथरन सेमिनरीच्या प्रत्येक जाहीर व्याख्यानाला त्याची हीच जागा. एका निवृत्त मास्तरांनी पंचवीस मिनिटं बोलूनही प्रश्न विचारला नव्हता, तेव्हा वैतागून प्राचार्यांनी स्वतः नियम केला आणि चौकटीत घालून भिंतीवर लावला. प्रश्नाला दोन मिनिटं, उत्तराला दोन मिनिटं. घंटी होईपर्यंत बोलणाऱ्याला कुणी थांबवायचं नाही. प्रश्नाची घंटी नेहमी व्हायची. उत्तराची आजवर एकदाही झाली नव्हती. उत्तरं प्राचार्यच द्यायचे, त्यांच्यावर घंटी कोण वाजवणार?

आजचे पाहुणे मात्र छान बोलले होते. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, विद्वानांच्या कपाटातून काढून चांभाराच्या, गवळणीच्या भाषेत कसं आलं, हे त्यांनी तासभर रंगवून सांगितलं. पुढच्या रांगांतल्या पाळकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आभार मानता मानता प्राचार्यांनी सहज बोलल्यासारखं सांगून टाकलं, की पुढच्या सत्रापासून गुरुवारचा प्रौढांचा वर्ग बंद. यापुढचं शिक्षण फक्त दीक्षित पाळकांसाठी. खोल्या अपुऱ्या पडतात.

शेवटच्या दोन रांगांत त्या वर्गातली चौदा माणसं बसली होती. त्यांना हे नवीन नव्हतं. नोटीस कालच फळ्यावर लागली होती. लावली होती शिपायानेच, चार टाचण्या टोचून.

त्याची बायको इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी धुवायची. घरात तिच्यापुढे कुणाचं काही चालत नसे, पण बाहेर चार माणसं दिसली की तिचं पहिलंच अक्षर दातांत अडकायचं. गुरुवारच्या वर्गात तिला कुणी घाई करत नसे. तिथेच, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, तिने शास्त्रातलं एक अख्खं पत्र मोठ्याने वाचलं. घरी येऊन त्याला परत वाचून दाखवलं. तो ऐकता ऐकता रडला होता, आणि कांदा चिरत नसल्यामुळे त्याला काही सबबही सांगता आली नव्हती.

या माईकसमोर ती याआधी दोनदा उभी राहिली होती. दोन्ही वेळा प्रश्न तोंडातून बाहेर पडायच्या आत दोन मिनिटं संपली. दोन्ही वेळा घंटी वाजवली ती त्यानेच. त्या दोन्ही रात्री घरात भांडण झालं नाही. नुसतं ताट आपटलं गेलं.

आज ती माईकला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली.

“मा... मा... मा...”

पुढे कुणीतरी खोकलं. एका तरुण पाळकाने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. पहिलं मिनिट गेलं तेव्हा तिचे दोन शब्द झाले होते. दुसरं संपत आलं तेव्हा सहा. प्राचार्यांनी टेबलावर पेन टकटकवलं. ही शिपायाला खूण होती.

शिपायाने घंटी उचलली. मग दुसरा हात आत घातला आणि लोलक मुठीत घट्ट धरला. त्याला भीती वाटत होती. पेन्शन आठवत होती, प्राचार्यांचा राग आठवत होता. पण मूठ काही सुटेना.

पेन पुन्हा टकटकलं. प्राचार्यांनी त्याच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि मग माईककडे वळून गोड आवाजात म्हणाले, “बाई, वेळ झाली. बसा आता.”

शिपाई उभा राहिला. “साहेब, घंटी झाली नाही.”

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळल्या आणि तिथून भिंतीवरच्या चौकटीकडे गेल्या. प्राचार्यांचीही गेली. नियम त्यांचाच होता, खाली सही त्यांचीच होती. त्यांनी पेन टेबलावर आडवं ठेवलं.

बायकोने एकदा नवऱ्याकडे पाहिलं आणि पुढे बोलू लागली. तिला पाच मिनिटं लागली. अडखळणं वजा केलं तर तिचं म्हणणं एवढंच होतं: “माझा प्रश्न असा आहे, की आम्हांला वाचायला तुम्हीच शिकवलंत. आता वाचून जे कळणार नाही, ते आम्ही विचारायचं कुणाला?”

मागच्या दोन रांगांत कुणी हललं नाही. पाहुणे मान खाली घालून आपल्या कागदांची चळत सरळ करत राहिले. प्राचार्य घसा खाकरून म्हणाले, की हा कार्यालयीन विषय आहे, यावर नंतर कधीतरी सवडीने बोलता येईल.

बायको जागची हलली नाही.

शिपायाने मूठ सोडली आणि घंटी एकदाच, खणखणीत वाजवली. मग टेबलघड्याळ उचलून प्राचार्यांसमोर नेऊन ठेवलं, त्याचं तोंड त्यांच्याकडे करून.

“प्रश्नाची घंटी झाली, साहेब. आता तुमची दोन मिनिटं.”